सल्फाची ॲलर्जी आणि आमच्या घरातला कांदा

आमच्या सासूबाईंना सल्फाच्या औषधाची ॲलर्जी आहे. ती कळली तेव्हा त्रास झालाच, पण त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याहून जास्त झाला आणि तो औषधाने नव्हे, उपासमारीने झाला. नांदुऱ्यात आणि आसपासच्या गावांत आणखी कोणाच्या घरी असं होऊ नये म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगते.

आषाढ महिना होता. सोयाबीनची पेरणी होऊन निंदण सुरू झालं होतं. सासूबाईंचं वय पासष्टच्या पुढे. बीपीची गोळी कित्येक वर्षांपासून चालू, बाकी तब्येत ठणठणीत. त्या दिवसांत त्यांना लघवीला जळजळ होऊ लागली. थंडी वाजून ताप आला. जवळच्या दवाखान्यात दाखवलं, लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी मोठ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या. पाकिटावर सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम अशी दोन नावं होती. हे जुनं, स्वस्त आणि अजूनही उपयोगाचं औषध आहे. सासूबाईंना कसली ॲलर्जी आहे हे तेव्हा आम्हालाच ठाऊक नव्हतं, तर डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

दोन-तीन दिवसांत ताप उतरला, जळजळ थांबली. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायला सांगितला होता, म्हणून त्या घेत राहिल्या. आठवडा उलटल्यावर पोटावर बारीक लाल पुरळ दिसलं. खाज सुटली. घरात सगळ्यांना वाटलं पित्त उठलं. आमसूल भिजवून त्याचं पाणी अंगाला लावलं. दुसऱ्या दिवशी पुरळ पाठीवर, दंडावर, मांडीवर आलं आणि ताप पुन्हा चढला. शेजारच्या काकू म्हणाल्या, डेंग्यूची साथ आहे, रक्त तपासून घ्या. तेही केलं. डेंग्यू नव्हता.

गोळ्या सुरू करून इतके दिवस झाल्यावर पुरळ आलं, म्हणून गोळीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. ॲलर्जी म्हणजे गोळी घेतली की तासाभरात अंग सुजणार, अशीच आपली समजूत असते. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की सल्फाचं पुरळ बहुतेकदा उशिरा येतं. औषध सुरू केल्यापासून एक-दोन आठवड्यांनी. शरीर आधी त्या औषधाला ओळखायला शिकतं आणि मग त्याच्यावर उठतं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

त्या रात्री सासूबाईंना भाकरीचा घास गिळवेना. बॅटरी लावून पाहिलं तर तोंडात आतून फोड, ओठ सोलल्यासारखे. डोळे लाल झाले होते आणि पाणी येत होतं. सकाळी डॉक्टरांनी पाहिलं, गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि लगेच म्हणाले, "ही गोळी आत्ताच्या आत्ता बंद. इथे थांबू नका, अकोल्याला घेऊन जा." आमच्या ह्यांनी ओळखीच्या माणसाची गाडी बोलावली. हायवेवर मोठ्या हनुमानाच्या मूर्तीपाशी ती येऊन थांबली आणि आम्ही निघालो. खामगाव, बाळापूर आणि अकोला या वाटेवर सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्यांचा हात धरून बसले होते. तो तापाने भाजत होता. मला फार भीती वाटत होती आणि ती चेहऱ्यावर दिसू नये एवढंच मी बघत होते.

अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. डोळ्यांचे डॉक्टर येऊन पाहून गेले. रक्त, लिव्हर, किडनी, सगळं तपासलं. सलाईन लावलं. तोंडासाठी औषध, डोळ्यांत थेंब. कातडी कुठे सुटते आहे का, हे नर्स रोज दाबून बघत असत. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणून एक प्रकार असतो. त्यात भाजल्यासारखी कातडी सुटते, माणूस दगावू शकतो. सुरुवात तशीच वाटत होती, पण औषध वेळेत बंद झालं म्हणून तिथेच थांबलं. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, कातडी दुखणं किंवा सुटणं यांतलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. औषध बंद करायचं, पाकीट सोबत घ्यायचं आणि मोठा दवाखाना गाठायचा.

आमचं त्या वेळी एका गोष्टीने फार काम झालं. रिकामं पाकीट सासूबाईंनी फेकलं नव्हतं, फडताळात ठेवलं होतं. त्यामुळे औषधाचं नाव नक्की कळलं. पांढरी गोळी होती, एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टरांनी काय समजायचं?

सुट्टी झाली तेव्हा कार्डावर लाल शाईने लिहून दिलं, "सल्फा ॲलर्जी". डॉक्टरांनी तोंडी सांगितलं की हे औषध आणि त्याच्या जातीची औषधं पुन्हा कधी घ्यायची नाहीत, कुठेही गेलात तरी हे कार्ड दाखवायचं. आम्ही घरी आलो. पुरळाच्या जागी कातडीचे पापुद्रे निघाले, काळपट डाग राहिले आणि हळूहळू तेही गेले. औषधाचा त्रास इथे संपला होता.

दवाखान्यातून आल्यावर नातेवाईक भेटायला येत होते. त्यांत एका भाच्याने मोबाईलवर आलेली एक यादी वाचून दाखवली. सल्फर कशाकशात असतं त्याची. कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे, काळं मीठ. त्याचा हेतू चांगलाच होता. आजीला पुन्हा त्रास होऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं. यादीत चुकीचंही काही नव्हतं, या सगळ्यांत सल्फर म्हणजे गंधक असतंच. सासूबाईंनी ती यादी नातीकडून वहीत उतरवून घेतली.

आमचं घर माळकरी. आषाढात कांदेनवमी झाली की सासूबाईंचा कांदा-लसूण बंद, तो थेट कार्तिकीनंतर सुरू. त्यामुळे सुरुवातीचे महिने कोणाला काही वेगळं वाटलं नाही. कार्तिकी एकादशी झाली. मी नेहमीसारखी कांदा-लसणाची फोडणी दिली, तर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"वं बाई, माह्या भाजीत कांदा टाकू नको."

"काहून आई? चातुर्मास सरला ना."

"त्याच्यात गंधक हाय. डाक्टरानं लिहून देल्लं हाय ना कार्डावर. मले मराचं नाई अजून."

एवढं ऐकल्यावर कोण जबरदस्ती करणार? तो अकोल्याचा रस्ता मला आठवत होता, त्यांनाही आठवत असणार. मी त्यांची भाजी वेगळी करायला लागले. नुसतं तिखट-मीठ आणि जिऱ्याची फोडणी. वऱ्हाडातल्या स्वयंपाकातून कांदा, लसूण, मोहरी, शेंगदाणा आणि डाळ काढली तर मागे काय उरतं ते इथल्या कोणत्याही बाईला विचारा. पिठलं गेलं, वरण गेलं, ठेचा गेला, पातोडीची भाजी गेली. दूध सोडलं, चहा कोरा झाला. अंडं आमच्याकडे तसंही येत नाही. भाकरी, भेंडी, दोडका, थोडा भात, एवढ्यावर त्या राहू लागल्या.

आमच्या मळ्यातली मिरचीसुद्धा त्यांनी सोडली. मिरचीवर भुरी आली की आम्ही पाण्यात मिसळणारं गंधक फवारतो, सगळेच शेतकरी फवारतात. ते त्यांनी स्वतः पाहिलेलं. सोयाबीनच्या पेऱ्याला सिंगल सुपर फॉस्फेट टाकतो, त्यात स्फुरदासोबत गंधकही येतं, म्हणून तर गळिताच्या पिकाला ते टाकायला सांगतात. ह्यांनी एकदा जेवताना सहज हे सांगितलं आणि सासूबाईंनी सोयाबीनचं तेलही बंद करायला सांगितलं. तेव्हा ह्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हणाले, "आई, मग तू खाशील तरी काय?"

हिवाळा संपता संपता त्या फार थकल्या. जिना चढताना धाप लागे, केस गळू लागले. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. नातीने पाकीट वाचलं, फेरस सल्फेट. सासूबाईंनी पाकीट परत माझ्या हातात दिलं. "काहून घेऊ? त्याच्यावर सल्फेट लिहेल हाय." मी आशाताईंना बोलावलं. त्यांनी बरंच समजावलं, पण लाल शाईपुढे त्यांचं काही चाललं नाही.

त्यानंतर जे झालं त्याची मला अजून धास्ती वाटते. बीपीच्या गोळ्या आणायला गेलो तेव्हा औषधाच्या दुकानातल्या मुलाला कार्ड दाखवलं, कारण तसंच सांगितलेलं. त्याने मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. हेपण सल्फाच आहे. बंद करा." दुसरी गोळी कोणती ते सांगितलं नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून बीपीची गोळी सोडली. आठवडाभरात डोकं जड, चक्कर. एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना भिंतीला धरून खाली बसल्या. बीपी मोजलं तर वरचा आकडा दोनशेला टेकलेला.

तेव्हा ह्यांनी ठरवलं की आता यादी, दुकान, मोबाईल काही नको. ज्या डॉक्टरांनी कार्ड लिहून दिलं त्यांनाच विचारायचं. पॅसेंजरने जलंब, शेगाव करत अकोल्याला गेलो. सोबत ती वही, लोहाच्या गोळ्या, बीपीची गोळी, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून नेली. हे मी प्रत्येकाला सांगते. तोंडी सांगू नका, पिशवी न्या.

डॉक्टरांनी आधी वही वाचली. मग सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही जन्मभर कांदा-लसूण खाल्ला ना? कधी पुरळ आलं?"

"नाई सायेब."

"आणि ही बीपीची गोळी किती वर्षं घेताय? दवाखान्यातून घरी गेल्यावरही घेत होतात ना? तेव्हा काही झालं?"

"नाई."

"मग झालं तर. याच्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?"

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते.

गंधक हे मूलद्रव्य आहे, जसं लोह किंवा कॅल्शियम. ते आपल्या शरीरात आहेच, मोठ्या माणसाच्या अंगात शंभर ग्रॅमांहून जास्त. केसांत, नखांत, कातडीत, रक्तातल्या प्रथिनांत. आपण जी प्रथिनं खातो त्यांतल्या मेथिओनिन आणि सिस्टीन या दोन घटकांत गंधक असतं आणि मेथिओनिन शरीराला स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, लसणाला वास येतो, काळ्या मिठाला तो तसला वास असतो, ते सगळं गंधकाच्या संयुगांमुळे. पण गंधक या मूलद्रव्याची कोणाला ॲलर्जी नसते. असती तर तो माणूस जगूच शकला नसता.

सल्फाचं औषध म्हणजे एक मोठा रेणू. त्यात गंधकाचा एक अणू असतो, पण शरीर त्या अणूवर उठत नाही. त्या रेणूची जी विशिष्ट घडण आहे, एका टोकाला बेंझिनच्या कड्याला लागलेला अमाइनचा गट आणि दुसऱ्या टोकाला नायट्रोजन असलेलं आणखी एक कडं, तिच्यावर उठतं. लिव्हरमध्ये औषध मोडताना त्या अमाइनच्या टोकापासून काही त्रासदायक पदार्थ तयार होतात आणि काहींच्या शरीराला ते सोसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एखाद्या घराच्या कुलपाशी भांडण असेल, तर त्या गावातल्या लोखंडाशी भांडण नसतं." हे सासूबाईंना लगेच पटलं.

सल्फेट हा तिसराच प्रकार. फेरस सल्फेट, झिंक सल्फेट, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल सल्फेट, बाळंतिणीला झटके आले तर देतात ते मॅग्नेशियम सल्फेट. यांत सल्फेट म्हणजे औषधाला जोडलेला क्षार. त्याचा सल्फाच्या ॲलर्जीशी काहीही संबंध नाही. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होईल, बद्धकोष्ठ होईल, पोट थोडं दुखेल. ती ॲलर्जी नव्हे, जेवल्यावर घ्या, असं त्यांनी सांगितलं.

बीपीच्या गोळीचं जरा नाजूक आहे आणि इथेच दुकानातल्या मुलाचा गोंधळ झाला असावा. हायड्रोक्लोरोथायाझाइड, पायावरची सूज उतरवायला देतात ते फ्युरोसेमाइड, साखरेची ग्लिमेपिराइड, दुखण्यावरचं सेलेकॉक्सिब, या सगळ्यांच्या रेणूत सल्फोनामाइड नावाचा भाग आहे. म्हणून मोबाईलवर शोधलं की ती 'सल्फा'खाली येतात. पण जंतूंवरच्या सल्फा औषधांत जी दोन टोकं आहेत ती यांच्यात नाहीत. डॉक्टरांनी एका अभ्यासाचं सांगितलं. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो छापून आला. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. जंतूंवरच्या सल्फाची ॲलर्जी असलेल्या ९६९ लोकांनी ही दुसरी औषधं घेतली, त्यांतल्या दहातल्या एकाला काही ना काही त्रास झाला. पण पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांनी हीच औषधं घेतली, तर त्यांच्यात त्रासाचं प्रमाण त्याहूनही जास्त निघालं. म्हणजे दोष दोन्ही औषधांतल्या गंधकाचा नव्हता. एका औषधाची ॲलर्जी होणाऱ्या माणसाला दुसऱ्या एखाद्या औषधाचीही होऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही ज्यांना आधी तोंड-डोळ्यांपर्यंत जोराचा त्रास झालाय त्यांनी यांतलं नवीन औषध डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं, हे त्यांनी बजावलं. आणि चालू असलेली बीपीची गोळी दुकानात ऐकून बंद करायची नाही, हे त्याहून जोरात बजावलं.

ह्यांनी दोन गोष्टी आणखी विचारल्या. सासूबाईंच्या भावाने खाजेसाठी गंधक रसायन सुचवलं होतं आणि घरात खरजेचं गंधकाचं मलमही होतं. डॉक्टर म्हणाले, गंधक सल्फा नव्हे, त्यामुळे त्या ॲलर्जीची भीती नाही. मलमाने कातडी कोरडी पडते, चुरचुरते, ते वेगळं. पोटात घ्यायचं कोणतंही औषध मात्र वैद्यांना आणि मला दोघांनाही सांगून घ्या.

दुसरी गोष्ट माझ्या जावेच्या मुलाची. त्याला दमा आहे. जर्दाळू खाल्ला की त्याचा श्वास लागतो आणि घरात सगळे म्हणत, आजीसारखी यालाही सल्फरची ॲलर्जी. ते सल्फाइट, असं डॉक्टर म्हणाले. सुका मेवा, जेली, बाटलीबंद सरबतं टिकावीत आणि रंग राहावा म्हणून सल्फर डायऑक्साइड किंवा सल्फाइट वापरतात. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून टाकतात ती हायड्रॉस पावडरही त्याच कुळातली. दमेकऱ्यांपैकी काहींना त्याने दम लागतो. पाकिटावर आयएनएस २२० ते २२८ यांतला आकडा असेल तर ते त्याला देऊ नका, काळा गूळ वापरा. सासूबाईंच्या ॲलर्जीशी याचा संबंध नाही. ज्याला सल्फाइट सोसत नाही त्याला सल्फाचं औषध चालू शकतं आणि ज्याला सल्फाचं औषध सोसत नाही तो जर्दाळू खाऊ शकतो.

मग त्यांनी आमच्या पिशवीतली औषधं टेबलावर काढली. कांदा-लसणाची यादी लिहिताना जिकडे कोणी पाहिलं नव्हतं तिथेच खरी धोक्याची वस्तू निघाली. भाजल्यावर लावायचं पांढरं मलम. त्यावर सिल्व्हर सल्फाडायझिन लिहिलेलं. हे जंतूंवरचं सल्फा, अगदी तेच. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं फ्रिजच्या दारात असतं, बहुतेक घरांत असतं. ते त्यांनी बाजूला काढलं आणि मला आणखी नावं लिहून दिली. डोळे आल्यावर दुकानात देतात ते सल्फासेटामाइडचे थेंब. सांधेवातावर आणि आतड्याच्या सुजेवर देतात ते सल्फासालाझिन. मलेरियावरचं सल्फाडॉक्सिन. आणि अर्थात ज्याने हे सगळं झालं ती गोळी, जी कोट्रायमोक्साझोल या नावानेही मिळते.

घरी आलो त्या संध्याकाळी मी तुरीचं वरण केलं, लसणाची फोडणी दिली. सासूबाईंनी पहिला घास तोंडात धरून ठेवला. मी समोरच बसले होते. रात्री त्यांनी दोनदा हात उजेडात धरून पाहिले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पिठलं खाल्लं. आठवड्याने त्यांनी स्वतः पाट्यावर ठेचा वाटला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बी-१२ही कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं घेतली. बीपी ताब्यात आलं. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कंपाउंडर काका राहतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, पेनिसिलिन येण्याआधी सल्फा हेच मोठं औषध होतं. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ साली प्रोंटोसिल जगापुढे आणलं, पुढे १९३९चं नोबेल त्यांना मिळालं. सुईने हात चिघळलेल्या त्यांच्या स्वतःच्या मुलीला त्यांनी ते दिलं आणि तिचा हात वाचला. मुंबईत हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी १९४०च्या सुमारास प्लेगवर सल्फाथायाझोल वापरून पाहिलं. हे दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. काकांच्या उमेदवारीच्या काळात जखमेवर सल्फाची पूड भुरभुरत असत. जुनी माणसं कोणत्याही पांढऱ्या पुडीला सल्फा म्हणतात, त्यामुळे तुमच्या आजीला काय दिलं होतं ते विचारताना जपून, असं ते म्हणाले. मला ते महत्त्वाचं वाटलं. "मला सल्फा सोसत नाही" असं कोणी म्हणालं तर कोणतं औषध, कधी, काय झालं, हे विचारायलाच हवं. काहींना फक्त ओठावर किंवा मांडीवर एकच काळा डाग उठतो आणि तेच औषध पुन्हा घेतलं की पुन्हा त्याच जागी उठतो. तीही या औषधाचीच ॲलर्जी असते. आणि काहींना नुसती मळमळ झालेली असते, ती ॲलर्जी नसते.

अक्षय्य तृतीयेला घरी पुरणाचे मांडे होते. सासूबाईंचं खापर, त्यावर दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मांडा उलटताना त्यांचं मनगट खापराला टेकलं आणि चांगलंच भाजलं. शेजारची मुलगी धावत घरी जाऊन पांढरं मलम घेऊन आली, झाकणही उघडलं. सासूबाईंनी भाजलेला हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "आंधी नाव वाच." तेच निघालं. मग हात वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरला, स्वच्छ ओल्या फडक्याने झाकला आणि दवाखान्यात नेला. तिथे कार्ड दाखवलं, त्यांनी साधी व्हॅसलिनची जाळीची पट्टी बांधली. जखम नीट भरली.

कार्ड आता नवीन आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनीच ते नीट लिहून दिलं. त्यावर नुसतं "सल्फा" नाही. औषधाचं पूर्ण नाव, महिना आणि वर्ष, सुरू केल्यापासून साधारण किती दिवसांनी पुरळ आलं, तोंड आणि डोळे आले होते, दाखल करावं लागलं, हे सगळं आहे. खाली टाळायच्या औषधांची नावं, आणि त्याखाली मराठीत एक ओळ: "अन्नातलं गंधक, सल्फेटची औषधं आणि चालू बीपीची गोळी चालते." एक प्रत सासूबाईंच्या आधारच्या पाकिटात, एक फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेली, एक आम्ही नेहमी जातो त्या दुकानात, एक आशाताईंकडे. औषधाचा असा त्रास झाला तर त्याची नोंद सरकारकडे करता येते, ती रुग्णाच्या घरचा माणूसही करू शकतो. औषध दक्षता कार्यक्रमाचा फुकट फोन आहे, १८००-१८०-३०२४. ह्यांनी त्यावर सांगितलं.

माझ्या नणंदेने मध्यंतरी फोन करून विचारलं, आईला आहे म्हणजे मलाही असेल का, माझ्या मुलाला देऊ नको का ते औषध. तेही आम्ही डॉक्टरांना विचारलं. आईला ॲलर्जी आहे म्हणून लेकीने किंवा नातवाने ते औषध टाळायची गरज नाही, असं ते म्हणाले. पण कधी लिहून दिलंच तर आईला जोराचा त्रास झाला होता हे त्या डॉक्टरांना आधी सांगायचं आणि पहिले दोन आठवडे अंगावर लक्ष ठेवायचं. नणंदेने मुलाच्या फाइलवर तसं लिहून ठेवलं आहे.